पूर्वेच्या भिंतीतली खिडकी

झाशीत मराठी माणूस शोधायचा तर बड्या बाजारामागच्या गल्ल्यांतून हिंडावं लागतं, आणि सापडलाच तर तो आधी हिंदीत बोलतो. मधुसूदन पाध्ये त्यातलाच. पूर्वज पूजाअर्चेसाठी आले होते. राज्य गेलं, पूजाही गेली, आडनाव तेवढं मागे राहिलं. मधुसूदनचं जानवं तर कधी खुंटीला गेलं आणि खुंटीवरून कुठे गेलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

तरुणपणी तो लखनौला जाऊन चित्रकला शिकला आणि मोठ्या तोऱ्यात परत आला. तोरा उतरायला फार वेळ लागला नाही. झाशीजवळच्या बिजौलीला भीमराव मोहित्यांच्या वडिलांची काचेची शेड होती, तिथे तो नोकरीला लागला आणि तिथेच केस पांढरे केले. मोहित्यांच्या पूर्वजांनी तलवारी चालवल्या होत्या. आता भीमराव आरसे आणि न्हाणीघराची दारं विकायचा. मधुसूदनचं काम काचेवर नक्षी काढायचं. हंस, मोर, कमळ, शुभ-लाभ. शहरातल्या निम्म्या नव्या घरांच्या दारांवर त्याचे हंस पोहत असतील. एकाही हंसाची त्याला माया नव्हती.

माया होती ती रंगीत काचेची. फिरोजाबादहून कधी जाड निळी, कधी मधासारखी पिवळी काच यायची. तिचे उरलेले तुकडे तो शिशाच्या पट्ट्यांत बसवून छोटे चौकोन करायचा आणि शेडच्या झरोक्यात टांगायचा. ते कुणी मागत नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. भीमराव म्हणायचा, "काका, तुमचा टाइमपास मस्त आहे." टाइमपास! मधुसूदन पुढचा हंस काढायला घ्यायचा.

मग एके दिवशी फादर इग्नेशियस खिडक्यांच्या साध्या काचा घ्यायला शेडमध्ये आले. मूळचे केरळचे, पण बरीच वर्षं झाशीत काढलेले. शहराच्या कडेला त्यांचं छोटं चॅपेल नवीन बांधून होत आलं होतं. त्यांची नजर झरोक्यातल्या चौकोनाकडे गेली आणि ते काचा विसरले.

"मधुसूदनजी, हमारे लिए एक खिड़की बनाइए. माता मरियम और बालक. लेकिन कैलेंडर जैसी नहीं, आज के ढंग की."

मधुसूदनच्या हातातली कटर खाली ठेवायची राहून गेली. इतक्या वर्षांत त्याच्याकडे पहिल्यांदाच कुणी त्याचं असं काहीतरी मागितलं होतं. चार लोकांसमोर, खऱ्या उजेडात आपली एक खिडकी असावी आणि आपण गेल्यावरही ती तिथेच असावी, एवढीच त्याची भूक होती. ती त्याने बायकोलासुद्धा कधी सांगितली नव्हती.

फादरांनी चॅपेल दाखवलं. दक्षिणेच्या भिंतीत रुंद, बुटक्या खिडक्या होत्या. बाहेर चॅपेलचंच मैदान. पूर्वेच्या भिंतीत वेदीजवळ एकच उंच, अरुंद कमान होती. तिच्या बाहेर हात लांब केला की कुंपण, आणि कुंपणापलीकडे दुसऱ्या कुणाचा मोकळा प्लॉट. बाभळी आणि त्यांच्याखाली बसलेल्या म्हशी.

"दक्षिण में लगाइए," फादर म्हणाले. "सर्दियों में तो दिन भर धूप रहती है उधर."

मधुसूदन हो म्हणाला आणि घरी आला. जेवताना सरलाला त्याने सगळं सांगितलं. ती ताक वाढता वाढता थांबली.

"दक्षिणेला? अहो, लेकरू मांडीवर घेतलेली आई यमाच्या दिशेला बसवता?"

"ते ख्रिश्चन लोक आहेत. त्यांना काय त्याचं?"

"त्यांना नसेल. करणारे तुम्ही आहात ना?"

आता गंमत बघा. हा माणूस एकादशीला ऑम्लेट खायचा. पण ते वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. लहानपणापासून त्याने घरात एकच दिवा दक्षिणेकडे तोंड करून लावलेला पाहिला होता, धनत्रयोदशीचा, यमासाठी. आणि उजेड भरलेली खिडकी म्हणजे तरी दुसरं काय, दिवाच. सकाळी तो फादरांकडे गेला आणि दक्षिणेचं ऊन कसं कडक, पूर्वेचं कसं कोवळं, निळ्या रंगाला कोवळाच प्रकाश कसा मानवतो, असं काय काय बोलला. खरं कारण सोडून सगळं सांगितलं. फादर भला माणूस. म्हणाले, "आप कलाकार हैं. जैसा आप ठीक समझें."

त्या खिडकीसाठी मधुसूदनने जीव ओतला. कमानीच्या मापाचा खाकी कागद घरी जमिनीवर पसरून तो गुडघ्यांवर रांगत चित्र काढायचा. आईला चेहरा दिला नाही. वरून खाली येणारा निळ्याचा एकच मोठा वळसा, आणि तो वळसा जिथे पोटाशी वाकतो तिथे पिवळ्या काचेचा एक गोल. खाली इथल्याच टेकड्यांसारखे तपकिरी खडक. कितीतरी कागद फाडले. "बाळ कुठाय?" सरलाने विचारलं, त्याने पिवळ्यावर बोट ठेवलं. ती खाली वाकली आणि म्हणाली, "हो की. झोपलंय." त्या दिवशी तो स्वतःशीच गुणगुणत होता.

मग काच कापणं, कडा घासणं, प्रत्येक तुकडा शिशात बसवून सांध्यांना कथलाचा डाग देणं. रंग वरून फासायचा नव्हता, तो काचेच्या अंगातच होता. त्यामुळे सूर्य मागे आला तरच ती जागी होणार. नाताळच्या आधी खिडकी कमानीत बसली. सकाळी ऊन आलं आणि फरशीवर निळी लांब पट्टी पडली, तिच्या मधोमध पिवळा ठिपका. मधुसूदन मागच्या बाकावर जाऊन बसला आणि ढसाढसा रडला. सुखाने. ते सुख लिहून ठेवण्याजोगं होतं, कारण पुढे ते नाही.

संक्रांत झाली आणि प्लॉटवरच्या बाभळी तुटल्या. तिथे मॅरेज हॉल होणार होता. मधुसूदन रोज कामावर जाताना वाट वाकडी करून चॅपेलमध्ये जायचा. पाया झाला, खांब झाले, भिंत चढू लागली, अगदी कुंपणाला चिकटून. आधी खडक काळे पडले. मग निळी पट्टी फरशीवरून मागे सरकत सरकत भिंतीपाशी आली. सूर्य विटांच्या वर यायला रोज थोडा उशीर करायचा आणि एके दिवशी आलाच नाही. शेवटी पिवळा ठिपका विझला. दुखणाईत माणसाच्या उशाशी बसावं तसा तो रोज बसत होता, आणि करता येण्यासारखं काही नव्हतं. जागा त्यांची, भिंत त्यांची, नकाशा मंजूर. भांडायचं तरी कुणाशी?

आणि दक्षिणेचं मैदान तसंच मोकळं होतं. उन्हाने भरलेलं.

फादरांनी खिडकीमागे ट्यूबलाइट लावू का विचारलं. मधुसूदन नाही म्हणाला. त्याचे हंसही ट्यूबलाइटवर चमकायचे. "मैं दक्षिण के लिए दूसरी बनाता हूँ," तो म्हणाला. ही तिकडे हलणार नव्हती. कमान वेगळी, माप वेगळं, काढली तर फुटलीच असती. फादरांनी मान खाली घातली. दक्षिणेच्या खिडक्या एका कुटुंबाने वडिलांच्या आठवणीसाठी आपल्या खर्चाने करायला घेतल्या होत्या. त्यांनी मोबाइलवर चित्र पसंत केलं होतं. मेंढपाळ येशू, मेंढ्या, फुलं, निळं आकाश. रंगीत फिल्म छापून साध्या काचेवर चिकटवायची.

"लोगों को चेहरा चाहिए, मधुसूदनजी," फादर हळूच म्हणाले. "मैं क्या करूँ?"

छपाईचं काम कुणाला मिळालं असेल? बिजौलीत असलं यंत्र भीमरावाकडेच होतं. त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. "काका, तुम्ही नका जाऊ. दूसरा आदमी भेज देता हूँ ना." पण दुसऱ्यांनी लावलेल्या फिल्ममध्ये बुडबुडे राहतात. मधुसूदनला ते सहन होईना. "मीच जातो," तो म्हणाला. सरलाने डबा भरून दिला. दिशेचा विषय त्या घरात पुन्हा कधी निघाला नव्हता. ती डबा देताना त्याच्याकडे बघत नसे, एवढंच.

पुन्हा नाताळ जवळ आला होता. मधुसूदनने काच धुतली, पाणी शिंपडलं, फिल्म ठेवली आणि रबरी पट्टीने मधून कडेपर्यंत पाणी काढत नेलं. एकही बुडबुडा राहू दिला नाही. दुपारचं ऊन भिंतीवर आलं आणि खिडक्या पेटल्या. फरशीवर, बाकांवर, त्याच्या सदऱ्यावर लाल-निळे-हिरवे डाग पडले. त्या छापील, बाजारू चित्रातून आलेला उजेड सुंदर होता. त्यालाही तो सुंदर दिसला.

बाकावर लीला अम्मा माळ जपत बसल्या होत्या, रेल्वेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या वयस्क नर्स. त्या काठी टेकत आल्या. पदरावर पडलेला लाल रंग त्यांनी बोटांनी चाचपला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"इत्ती सुंदर, भैया! जे तुमने बनाई?" खिडकीकडे बोट करत त्यांनी बुंदेलीत विचारलं.

मधुसूदनने पूर्वेकडे पाहिलं. कमानीत काळोख उभा होता. शिशाच्या रेघासुद्धा ओळखू येत नव्हत्या. ती माझी, असं सांगितलं असतं तर म्हातारी वळली असती, डोळे बारीक करून तिने शोधलं असतं, आणि तिला काहीच दिसलं नसतं. मग भल्या मनाने ती काहीतरी बरं बोलली असती.

"हओ अम्मा," तो होकाराची मान हलवत म्हणाला, "जे हमनेई बनाई."

अम्मांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने तो ठेवू दिला.