आधी ॲम्ब्युलन्स, मग मावशी

आयर्लंडमधल्या ॲथलोनमध्ये माझी खरी भाची एकच, बहिणीची मुलगी. ती इथल्या कॉलेजात मास्टर्स करायला आली, बॅडमिंटनच्या टीममध्ये शिरली आणि मला अख्ख्या टीमची मावशी करून बसली. कुणाला ताप आला, कुणाचा पाय मुरगळला, की फोन मला. मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्यातला ‘वैद्यकीय’ एवढाच शब्द पोरांच्या लक्षात राहिला होता.

२०१६ मधला एक शनिवार. दुपारी मी थालीपीठ थापत होते, तेवढ्यात भाचीचा फोन आला. सकाळीच त्यांनी मॅच जिंकली होती, त्यामुळे मला वाटलं, पोरगी कौतुक करून घ्यायला फोन करतेय.

“मावशी, उलटी व्हायला मीठपाणी किती पाजायचं गं?”

“कुणाला?”

तिच्या मिक्स्ड डबल्सच्या जोडीदाराला. उंच, लाजरा आयरिश मुलगा. माझ्याकडे जेवायला आला की ताट स्वतः धुवायचा. जिंकल्याच्या आनंदात तो भरपूर व्होडका प्यायला होता आणि वर कुणीतरी दिलेल्या गोळ्या घेतल्या होत्या. आता हाका मारल्या तरी डोळे उघडत नव्हता, आणि घोरल्यासारखा विचित्र श्वास घेत होता.

“ॲम्ब्युलन्स बोलावली?”

ती रडायलाच लागली. “कोचचा रूल आहे, मावशी. ड्रिंक, ड्रग्ज काही सापडलं की टीममधून आउट. जे बरोबर असतील तेपण. आणि गार्डा, पोलीस आले तर माझा व्हिसा? इथे एक जण म्हणतोय, झोपू दे, ही’ल बी ग्रँड, होईल बरा.”

“व्हिसा गेला चुलीत! त्याच्या तोंडात एक थेंब घालायचा नाही. कुशीवर वळव त्याला आणि ११२ लाव. आत्ताच्या आत्ता! मी निघाले.”

पिठाच्या हातांनीच मी गाडी चालवली. पोचले तेव्हा ॲम्ब्युलन्स दारात होती आणि जवळच राहणारा कोचही धावत आला होता. आत ॲम्ब्युलन्सचा माणूस पोरांना विचारत होता, यानं काय घेतलंय? पोरं एकदा कोचकडे बघत, एकदा जमिनीकडे. इतकी संतापले होते मी, की एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. शेवटी भाचीनं कचऱ्याच्या डब्यातून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून ॲम्ब्युलन्सवाल्याच्या हातात ठेवलं. तो तिला “गुड गर्ल” म्हणाला आणि कामाला लागला.

संध्याकाळी मुलानं डोळे उघडले आणि चहा मागितला. आणखी उशीर झाला असता तर श्वास थांबला असता, असं डॉक्टर म्हणाली. कुणाचा कोण मुलगा, पण मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून ढसाढसा रडले. भाचीच्या व्हिसाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

त्यानंतर कळलं की कोच त्या मुलासकट, तिथे असलेल्या सगळ्यांनाच टीममधून काढणार आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरळ बॅडमिंटनच्या हॉलवर जाऊन उभी राहिले.

“नियम त्यांना माहीत होता,” कोच म्हणाला.

“माहीत होता म्हणूनच पोरगा मरायला टेकला! तुमच्या नियमानं दारू थांबली नाही, फोन तेवढा थांबला.”

मग जरा दम घेऊन मी त्याला आमच्या कारखान्याचं सांगितलं. काही बिघडलंय अशी शंका आली, तर आमच्याकडे कालचा नवा कामगारसुद्धा लाइन थांबवू शकतो. शंका खोटी निघाली तरी आम्ही त्याला रागावत नाही. एकदा रागावलो, तर पुढच्या वेळी कुणी थांबवणारच नाही, आणि खराब माल थेट पेशंटपर्यंत जाईल.

तो हातातल्या शटलची पिसं सरळ करत राहिला. मग हळूच म्हणाला, “त्याच्या आईला फोन केला ना, तेव्हा मला धड बोलता येत नव्हतं.” माणूस वाईट नव्हता. त्यालाही पोरांची काळजीच होती, फक्त ती धाकाच्या रूपानं बाहेर पडत होती.

त्याच आठवड्यात त्यानं सगळ्या टीमला बसवून सांगितलं: जो मदत बोलावेल त्याची जागा जाणार नाही, ज्याच्यासाठी बोलावली त्याचीही नाही. काय घेतलं ते खरं सांगायचं, आणि नंतर कॉलेजच्या डॉक्टरांना भेटायचं. बस्स. भाची टीममध्ये राहिली. मी त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

पण आम्ही दोघी तेवढ्यावर थांबलो नाही. फुटबॉल, रोइंग, इथला काठी-चेंडूचा खेळ हर्लिंग, सगळ्या क्लबांकडे, तुम्हीही हाच नियम करा, असं सांगत गेलो. हर्लिंगच्या धिप्पाड पोरांपुढे मी कारखान्याचं जॅकेट घालून उभी, आणि त्यांचं इंग्रजी नि माझं इंग्रजी एकमेकांना ओळख दाखवायला तयार नाही! काही कोच लगेच पटले. एकानं मला, तुम्ही पोरांना पिण्याचा परवाना देताय, असं सुनावलं. त्याच्याकडे मी पुन्हा गेले. तिसऱ्यांदाही गेले. शेवटी माझा कंटाळा येऊन का होईना, त्यानं मान्य केलं.

पुढे भाची नोकरीसाठी डब्लिनजवळच्या सिटीवेस्टला गेली आणि माझा फोन थंडावला. मग एका शनिवारी मी वरणाला फोडणी देत असताना तो वाजला. तोच उंच, लाजरा मुलगा. आता तो टीमचा कॅप्टन होता.

“मावशी, पहिल्या वर्षाच्या एका मुलाला जास्त झाली होती. ॲम्ब्युलन्स येऊन घेऊन गेली. शुद्धीवर आलाय तो. आधी त्यांना फोन केला, तुम्हाला आता करतोय.”

मी गॅस बंद केला. “कुशीवर वळवलं होतंस?”

“मीच वळवलं.”

“आणि मीठपाणी?”

“कुणी नावसुद्धा काढलं नाही,” तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.