जानराव मिस्त्री आणि मोटारींचे दोन ग्रंथ

पुस्तकं नेऊन परत न करणाऱ्यांची मला भारी चीड आहे. म्हणून आमच्या डोणगावच्या वाचनालयात अमेरिकेतल्या जुन्या स्टेशन वॅगन गाड्यांचे दोन जाडजूड सचित्र ग्रंथ देणगीत आले, तेव्हा त्यांवर मी ‘संदर्भ ग्रंथ, घरी मिळणार नाही’ असा शिक्का मारला आणि कपाटाला कुलूप घातलं. नाहीतरी कापूस-सोयाबीनच्या गावात त्यांना कुत्रं विचारणार नव्हतं.

विचारलं जानराव मिस्त्रींनी. वय एकाहत्तर. उभा जन्म बैलबंड्या आणि माणसं बसायच्या हलक्या दमण्या करण्यात गेला. ट्रॅक्टर आले आणि हाताला दार-चौकटी तेवढ्या उरल्या. ते रोज पेपर वाचायला येत. एकदा मी ग्रंथ पुसत होते, तर चित्र पाहून ते उठलेच.

“बाई, हे लाकूड हाये काय?”

“हाव. पहिले तिकडं सुतारच करत या गाड्या.”

“सुतारानं मोटार केली, अन् मले सत्तर वर्षं कोणी सांगतलं नाही?”

दुसऱ्या दिवसापासून वाचनालय उघडायच्या आधीच मिस्त्री पायरीवर हजर. चित्रावर दोरा धरून मापं घ्यायचे, बोटाला थुंकी लावून पान उलटायचे आणि माझी बोलणी खायचे. “ही तं आपली दमणीच होय, बाई. सारं घर बसते, मांगं पेटी राह्यते.” त्यांचं वेड मलाही लागलं. इंग्रजी मजकूर मोठ्यानं वाचून मराठीत सांगताना मी जेवायची सुटी विसरू लागले.

अशातच कळलं, शेगावचे लॉजवाले शालिग्रामसेठ अशाच एका वॅगनसाठी सुतार शोधत होते. वडिलांनी मुंबईच्या लिलावातून आणलेली गाडी, दोन्ही बाजूंचं लाकूड गेलेलं. सेठनी फोनवर जुना फोटो पाठवला आणि अट घातली: कंपनीतून आली तशीच पाहिजे, डिट्टो. मिस्त्रींना आभाळ ठेंगणं झालं. “एक मोटार करतो, बाई, मंग मरतो,” म्हणाले, आणि सागाच्या फळीचा नमुना रंधून घेऊन आले.

फोटोतली गाडी मला दुसऱ्या ग्रंथात सापडली. १९६६ सालची. खालचा मजकूर मी दोनदा वाचला. त्या गाडीला लाकूड नव्हतंच. पत्र्यावर लाकडाचं चित्र छापलेली प्लास्टिकची पातळ चादर चिकटवलेली होती. ग्रंथ गुपचूप कपाटात ठेवून द्यावा, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण सकाळी सांगितलं.

मिस्त्रींनी चित्रावर बोट ठेवलं. मग हसले. “कंपनीनं लाकूड सोडलं, पण त्याचा फोटो लावल्याबिगर त्याइचं भागलं नाही, पाहा. सेठले सांगा लागन.”

“काऊन? त्याले काय समजते?” मी चिडूनच म्हणाले.

“डिट्टो म्हणला हाये तो. काम गेलं तं गेलं.”

पुरावा म्हणून ग्रंथ न्यायला हवा, आणि नियमानं तो बाहेर जात नाही. पण ग्रंथपालासोबत जात नाही, असं कुठं लिहिलंय? खामगावमार्गे एसटीनं आम्ही निघालो, ग्रंथ माझ्या मांडीवर.

गोदामात गाडी उभी होती. इतकी लांब, की मिस्त्री तिच्याभोवती दोनदा फिरले. मग त्यांनी बॉनेटवर ग्रंथ उघडला.

“सेठ, तुमच्या गाडीले लाकूड कधीच नव्हतं. लाकडाचं चित्र होतं. डिट्टो पाहिजे तं तशी चादर शोधा, ते माहं काम नाही.” आणलेली फळी त्यांनी दाराला टेकवून ठेवली.

सेठचा चेहरा उतरला. “माहा बाप जिंदगीभर साऱ्या शेगावले सांगत राह्यला, माही गाडी लाकडाची हाये म्हणून.”

गेलं काम, असं मला वाटलं आणि मिस्त्रींच्या खरेपणाचा मनापासून राग आला.

सेठनी फळी उचलली, तिच्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

“मिस्त्री,” ते म्हणाले, “लावा लाकूड. माहा म्हातारा खोटा नाही पडला पाहिजे.”