अळंब्यांना गंधकाची धुरी

नवी जात सापडली की माणूस बिघडतो. निदान मी तरी बिघडते. साताऱ्याच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि उरलेला सगळा वेळ अळंब्यांमागे हिंडते. लोक त्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणून लाथाडतात, मी गुडघे टेकून त्यांचा वास घेते. वर्गातल्या पोरांनी मला काय नाव ठेवलंय ते ठाऊक आहे मला. वाईट नाही.

त्या श्रावणात माण तालुक्यातल्या एका माळावर मी चिखलात बसून एकटीच हसत होते. समोर सात अळंब्या. टोपी तपकिरी, खालचे पापुद्रे जांभळट, आणि वास भाजलेल्या हुलग्याचा! ही अळंबी मला पहिल्यांदा दाखवली ती तिथल्या एका मेंढरंवाल्या आजीने. जिथे मेंढरं बसवतात तिथेच वर्षा-दोन वर्षांनी ती उगवते आणि चार-पाच दिवसांत संपते. तीन वर्षं मी तिच्या मागे होते. बीजाणू मोजून झाले, जगभरच्या नोंदी चाळून झाल्या, डीएनएचा अहवालही आला. ही जात आजवर कुणीच नोंदवलेली नव्हती. म्हणजे नाव ठेवायचा मान माझा! आता फक्त नीट वाळवलेला एक चांगला नमुना हवा होता. तो संग्रहालयात कायमचा राहतो आणि नाव त्यालाच बांधलेलं असतं. नमुना नाही तर नाव नाही. माझे आधीचे नमुने कॉलेजच्या कपाटात किड्यांनी फस्त केले होते.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी, कॉलेजला सुट्टी, म्हणून मी त्या सात अळंब्या घेऊन, बारक्या तिथेच सोडून, थेट तासगावला माहेरी गेले. माझे वडील, आबा, चाळीस वर्षं बेदाणा करतात. पावसाळ्यात शेड रिकामं असतं. वर छप्पर, चहूबाजूंनी वारा. वाळवायला याहून चांगली जागा कुठली? पंचमीच्या सकाळी मी ट्रे आबांच्या हातात दिला.

"आबा, हे सावलीत वाळवायचंय. लय जपून."

"न्हेमीसारकं न्हवं?"

"हो, नेहमीसारखं," असं म्हणून मी झोका खेळायला पळाले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, साडीचा काचा मारून, उभ्याने.

दुपारी परतले तर आबा फाटकातच उभे. चेहरा नुसता फुललेला.

"ये, बघ तुझा माल!"

रॅकवर माझ्या सातही अळंब्या हळद लागलेल्या नवरदेवासारख्या पिवळ्याधमक चमकत होत्या. वास काडेपेटीचा. आबांनी काही म्हणजे काही बाकी ठेवलं नव्हतं. लवकर सुकावं म्हणून द्राक्षासारखं आधी डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवलं होतं, मग वरून कागद झाकून गंधकाची धुरी दिली होती.

"काळपाट दिसत हुती गं. असला माल कोण घेतंय? सुकायला आजून दोन दिस लागत्याल, पर रंग बघ की! एक नंबर!"

मी किंचाळले. मग मला हसू आलं आणि ते थांबेचना. हसता हसता मी रडायला लागले, आणि रडता रडता बोलू नये ते बोलले, "आबा, तुम्ही माझी तीन वर्षं तेलात बुडवलीत."

आबा क्रेटवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला माझ्या जिभेची लाज वाटली, पण राग काही उतरेना.

"आजून हायती का तितं?" त्यांनी विचारलं.

"असतील तर दोन दिवस. मग पुढच्या साली."

"मग गाडी काड."

विट्यापर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मायणीला त्यांनी मला भजी घेऊन दिली आणि मी ती खाल्ली, तेव्हा मिटलं.

माळावर पोचलो तर आदल्या रात्रीच्या पावसाने मागे उरलेल्या अळंब्यांचा काळा चिखल झालेला. आजी पालाबाहेर बसली होती. आबांनी खिशातून एक पिवळी अळंबी काढून तिच्यापुढे धरली. तिने हुंगली आणि तोंड फिरवलं.

"पावणं, ह्याचा वासच मारलासा की."

"चुकलं माजं," आबा म्हणाले. चाळीस वर्षांत बाजारातल्या एकाही व्यापाऱ्याने त्यांच्या तोंडून हे ऐकलं नसेल.

आजीला दुसरी जागा माहीत होती. पण अळंबीची जागा कुणाला दाखवायची नाही, अगदी सुनेलाही नाही, ही तिच्याकडची रीत. मी हात जोडले. नमुना उगवतो कुठे ते मला डोळ्यांनी बघावंच लागतं, असं सांगितलं. शेवटी ती काठी घेऊन उठली आणि म्हणाली, "तू ये. त्यो न्हाई." मग बेदाण्याचा मोठा बागायतदार बांधाकडे तोंड करून, पाठमोरा, शाळेत शिक्षा झाल्यासारखा उभा राहिला आणि दर दोन मिनिटांनी ओरडू लागला, "घावलं का गं?"

घावलं. पाच! मी आजीला मिठी मारली, ती म्हणाली, "आगं पडंन की मी!"

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला कॉलेजच्या वाळवणयंत्रात अळंब्या वाळेपर्यंत आबा स्टुलावर शेजारी बसून राहिले. हात मागे बांधून. कुणी विचारलं तर सांगायचे, "मी कशाला हात लावत न्हाई."

नमुना झकास वाळला. आता नाव. नावाबद्दल मला विचार करावाच लागला नाही. पंधरा दिवसांनी मी एकटीच आजीकडे गेले आणि म्हणाले, "आजी, या अळंबीला तुमचं नाव द्यायचंय. साऱ्या जगात आता तेच राहील."

"माजं? आगं, रेशनकार्डावर बी धड न्हाई माजं नाव." पदर तोंडाला लावून ती खूप हसली. मग पदर खाली घेऊन तिने विचारलं, "कंचं दिनार? सासरचं का म्हायारचं?"

मला तर एकच ठाऊक होतं. लग्नात नाव बदललेलं असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जगातल्या बुरश्यांची नावं पाठ असलेली मी, तीन वर्षं तिच्या हातचा चहा पीत होते आणि हे विचारलं नव्हतं.

तिने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच माहेरचं नाव सांगितलं. "आय गेली, भाऊ गेला. आता ह्या नावानं हाक मारायला कोण न्हाई."

"तेच देते," मी म्हणाले. "फक्त शेवटी लॅटिनची शेपटी लावावी लागते."

"म्हन बगू."

मी शेपटीसकट म्हटलं. तिला ठसका लागेपर्यंत हसू आलं. डोळे पुसत ती म्हणाली, "आता शेपटी काड अन् म्हन."

मी नुसतं नाव घेतलं, मोठ्याने, माळावर ऐकू जाईल असं.

"ओ," आजी म्हणाली.