उतरलेला खांदा

आमची ही वस्तुसंग्रहालयात जुने कपडे दुरुस्त करते असं सांगितलं, की लोकांना वाटतं रफू करत असेल. एक शेजारी तर फाटकी सतरंजी घेऊन आला होता. मी त्याला दारातूनच परत पाठवला. जन्मभर पोस्टमन होतो मी, चुकीच्या पत्त्यावर काही आलं की माझं डोकं फिरतं.

तिच्या खोलीत एक लांबलचक टेबल आहे, त्यावर पांढरी चादर. पेन न्यायचं नाही, पेन्सिल चालते. अंगठी काढायची, हात धुवायचे, मगच कापडाला बोट लावायचं. घरी मी ओला टॉवेल कुठेही टाकला तरी ही बोलत नाही, तिथे मात्र शिंकायची चोरी.

गेल्या वर्षी तिच्या टेबलावर एक कोट आला. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा बड्या माणसाचा. वांगी रंगाची मखमल, कडेने रेशमी फुलं. मला मुद्दाम बघायला नेलं.

"नीट बघा," म्हणाली. "गळ्याशी फूल मुगाएवढं आहे. खाली येता येता वाटाण्याएवढं होतं, म्हणून माणूस उंच दिसतो. आणि या मागच्या चुण्या. उभं असताना मिटलेल्या, घोड्यावर बसला की उलगडणार."

मी आधी नुसता हो हो करत होतो. पण खरं सांगतो, पाच मिनिटांनी माझीच नजर हलेना. बटणंसुद्धा दोऱ्याने मढवलेली, एकेका बटणावर कुणीतरी दिवस घालवलेला. हल्ली लोक दुकानात जातात, मोठा साइज मागतात आणि अंगात घालून मोकळे होतात.

घोडं अडलं ते एकाच जागी. प्रदर्शन बारा दिवसांवर आलं होतं आणि कोट पुतळ्यावर बसेना. डावा खांदा वर चढायचा, कॉलर मानेपासून सुटायची, बटणं आणि काजं समोरासमोर यायची नाहीत.

विभागाच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "शिंप्यानेच घोळ घातलाय. खांद्याची शिवण उसवा आणि सरळ करून घ्या."

"उसवली की ते टाके गेले, बाई," ही म्हणाली. "आपल्याकडे कोट पुतळ्याच्या मापाचा करत नाहीत. पुतळा कोटाच्या मापाचा करतात."

"मग करा. आठ दिवस देते. नवव्या दिवशी कात्री मी स्वतः लावीन."

पुढचे दोन दिवस घरात फार वाईट गेले. भाजीत दोनदा मीठ विसरली. मी मुकाट्याने जेवलो, कारण तिच्या पोटातही अन्न जात नव्हतं हे मला दिसत होतं. दीडशे वर्षं टिकलेली शिवण आपल्या डोळ्यांदेखत उसवणार, याचंच तिला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी ती दुपारीच घरी आली, चप्पल न काढता. कोटाचं अस्तर काखेत आधीपासूनच थोडं विरलेलं होतं. तिथून तिने सकाळी बॅटरीच्या उजेडात आत बघितलं होतं, तर डाव्या खांद्यात कापसाचे चार थर. एकाखाली एक, कडेला पातळ होत गेलेले, बारीक टाक्यांनी बसवलेले.

"शिंप्याने घोळ घातलेला नाही हो," ती म्हणाली. "त्या माणसाचा डावा खांदा उतरलेला होता. शिंप्याने तो जगापासून लपवला. सरळ खांद्याच्या पुतळ्यावर कोट बसणारच कसा?"

मी चहा पीत होतो. तिने माझ्याकडे असं काही बघितलं, की मी कप आपोआप खाली ठेवला.

"उठा. शर्ट काढा."

जुन्या बनियनवरून तिने मला डिंकाच्या कागदी पट्ट्यांनी गुंडाळायला सुरुवात केली. वाळल्यावर ते कवच कापून काढायचं आणि त्याचाच पुतळा करायचा. आयुष्यभर पार्सलं वाटली, शेवटी स्वतःच पार्सल झालो.

"अगं, त्या बड्या माणसाला एवढं पोट नसेल."

"पोट कापून टाकीन. मला खांदा हवाय."

"माझा खांदा कशाला?"

"तीस वर्षं टपालाची पिशवी डाव्याच खांद्याला होती. चांगला दोन बोटं उतरलाय तो."

मला हे माहीतच नव्हतं. आरशासमोर रोज दाढी करणारा माणूस मी.

"मग मला कधी दिसलं कसं नाही?"

"तुमचे शर्ट कोण शिवतं?" ती म्हणाली आणि पट्ट्या चिकटवत राहिली.

सुटका झाल्यावर मी कपाट उघडलं. एकेक शर्ट काढून डावा खांदा चाचपला. प्रत्येकात आत कापडाचा पातळ थर, कडेला आणखी पातळ होत गेलेला. सगळ्या शर्टांत. मी तिथेच खाली बसलो. मला रडू आलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं, तर वाकडा खांदा घेऊन दारोदार गेला असतात. मला तुम्ही ताठ जायला हवे होतात."

आठव्या दिवशी माझ्या खांद्याच्या पुतळ्यावर तिने कोट चढवला. कॉलर मानेला टेकली, बटणं काजांसमोर आली. प्रमुख बाई दोनदा गोल फिरल्या. मग टेबलावरची कात्री उचलून त्यांनी खणात ठेवली.

प्रदर्शनाच्या दिवशी मी हिने शिवलेला शर्ट घालून गेलो. कोटाखालच्या पाटीवर बड्या माणसाची माहिती होती आणि शेवटी हिने हट्टाने लिहायला लावलेली एक ओळ: शिंप्याचं नाव माहीत नाही, पण त्याने या माणसाला सरळ उभं केलं.

काचेत मी माझं प्रतिबिंब बघितलं. कोटाचे खांदे सरळ, माझेही सरळ. शेजारी ही उभी होती, तिचं नाव कुठल्याच पाटीवर नव्हतं. म्हणून मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला मीच सांगितलं, की हे हिचं काम आहे.