बाईंनी न दिलेला होकार

"बघितलं का?" बाई विचारायच्या. समोरचा म्हणायचा, "ऐकलंय." मग त्या पदराने चष्मा पुसत शांतपणे म्हणायच्या, "मंग आधी बघून या. मी इथंच आहे."

हा प्रश्न त्यांनी मुलांना विचारला, हेडमास्तरांना विचारला आणि तपासणीला आलेल्या साहेबांनाही विचारला. वटवाघूळ आंधळं असतं, असं साहेब वर्गात बोलून गेले होते. बाई त्यांना थेट देवळामागच्या वडाकडे घेऊन गेल्या. परत आले तेव्हा साहेबांच्या कोटावर वटवाघळांचा प्रसाद होता, पण ते हसत होते. शेऱ्यात त्यांनी बाईंबद्दल चांगलंच लिहिलं.

मी नव्वदी ओलांडली आहे. बाईंबद्दल आमच्या भागात एक गोष्ट सांगितली जाते आणि ती खोटी आहे. खरी गोष्ट माहीत असलेला मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव केदारखेड्याच्या पलीकडे, भोकरदन तालुक्यात. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. शाळा उर्दूतून मराठीत आली होती. मी बदनापूरहून गणित शिकवायला आलो, तेव्हा बाविशीत होतो. बाई पन्नाशीच्या, विधवा. औरंगाबादेत मुलींच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं उर्दूतून विज्ञान शिकवलं होतं. "चला, आता तजुर्बा... प्रयोग करू," असं त्या शेवटपर्यंत म्हणत. मुलांना तो शब्दच आवडायचा. "बाई, आज तजुर्बा आहे का?" म्हणून वर्गाबाहेर पोरं उभी असायची.

शहर सोडून बाई या गावात आल्या त्या नातीसाठी. एकुलती एक लेक बाळंतपणात गेली. जावयाने दुसरं लग्न केलं, आणि त्याच्या दारात खेळणारी पोर बाईंना परक्यासारखी दिसू लागली. त्यांनी जावयाच्या गावी बदली मागून घेतली, शाळेजवळ खोली घेतली आणि पोरीला उचलून आणलं. रोज सकाळी शाळेच्या पायरीवर त्या नातीची वेणी घालत. घालता घालता मानेच्या मणक्यांवरून बोट फिरवत विचारत, "हे किती गं माय?" पोर म्हणायची, "सात. आजी, ओढू नको ना." अशी पाठांतरं तुम्ही कुठे पाहिली असतील तर मला सांगा.

शाळेच्या अंगणात एक जुनी, पोकळ चिंच होती. तिच्या ढोलीत पांढऱ्या तोंडाच्या घुबडांची जोडी राहायची. गाव त्या झाडाखालून जायला कचरायचं. बाई मात्र सकाळी सकाळी तिथे वाकून काळपट गोळ्या वेचायच्या. घुबड उंदीर अख्खा गिळतं. हाडं आणि केस पचत नाहीत, त्यांची गोळी करून ते तोंडावाटे टाकतं. बाई त्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून मुलांपुढे ठेवत. सुईने एकेक हाड वेगळं करायचं, कवट्या मोजायच्या. मोजणीचं काम माझ्याकडे, गणिताचा मास्तर म्हणून. एका गोळीत तीन-तीन, चार-चार उंदरांच्या कवट्या निघत.

धान्याचे व्यापारी असलेले शेठ एकदा नाक दाबून बघायला आले. त्यांचं घराणं राजस्थानातून येऊन चार पिढ्या झाल्या होत्या, आणि गावातल्या पाच प्रमुखांत त्यांचा शब्द पहिला. कवट्यांची रांग बघून म्हणाले, "बाई, हे सगळे माझ्याच कोठारातले की काय?"

"बराबर. आणि हा चौकीदार पगार मागत न्हाई," बाई म्हणाल्या.

आमच्याकडे एक समज आहे. घुबडाला दगड मारला, तर ते तो दगड उचलून नदीवर नेतं आणि घासत बसतं. दगड झिजेल तसा माणूस झिजतो. मी हे लहानपणी ऐकलं होतं आणि मोठेपणी त्यावर हसत होतो. त्या श्रावणात एका संध्याकाळी शाळेला कुलूप लावून निघालो, तर घुबड अगदी डोक्याजवळून गेलं. दचकून मी पायरीवरचा हाताला लागला तो दगड भिरकावला. घुबडाला तो लागला नाही. दुसऱ्या दिवशी बाईंची नात पायरीवर शोधत होती. "मास्तर, माझा एक गजगा हरवला." खेळायच्या पाच गुळगुळीत खड्यांतला एक. मी मारला होता तो.

चार दिवसांनी पोर तापाने पडली.

आठवडा झाला तरी ताप उतरेना. डोळे खोल गेले, हात काडीसारखे झाले. बाईंनी तिला बैलगाडीतून आणि मग मोटारीतून जालन्याच्या दवाखान्यात नेलं. मुदतीचा ताप, असं डॉक्टरांनी सांगितलं. गावात बायका म्हणू लागल्या, "लेकरू झिजून राह्यलं. घुबड दारात पोसल्यावर दुसरं काय होईल?" मारलेल्या दगडाचं कुणालाच माहीत नव्हतं. मला होतं. दगड मी मारला, पण खडा तिचा होता, म्हणून तीच झिजते आहे, असा हिशेब माझ्या डोक्यात पक्का बसला. शाळेत त्रैराशिक शिकवणाऱ्या माणसाचा हा हिशेब.

पाच प्रमुख बसले. चिंच तोडावी, असं चौघांचं मत पडलं. शेठ म्हणाले, "झाड शाळेचं, घुबडं बाईंची. बाई हो म्हणाल्या तर तोडू, न्हाई म्हणाल्या तर बिलकुल हात लावायचा न्हाई. मास्तर, तुम्ही जाऊन विचारून या." गावाने बाईंचा एवढा मान राखला होता, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

मी जालन्याला गेलो. बाई खाटेजवळ स्टुलावर बसल्या होत्या. हातात कागद होता, त्यावर दर तीन तासांचा ताप लिहिलेला. मी निरोप सांगितला. त्यांना राग आला नाही. दमल्या होत्या फक्त.

"ढोलीत पिल्लं आहेत मास्तर. न्हाई म्हणून सांगा," त्या म्हणाल्या. "ताप पाण्यानं आलाय. सगळ्यांनी नदीचं पाणी उकळून प्या, एवढं घरोघर सांगा. जल्दी जा."

मी पोरीचं मनगट पाहिलं. परतीच्या वाटेवर दुसरं काही दिसलंच नाही. गावात पोचल्यावर शेठनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

मी म्हणालो, "हो म्हणाल्या."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, चिंच पाडली. तीन पिल्लं खाली आली, त्यातलं एक दगावलं. आणि दोन दिवसांनी निरोप आला की पोरीचा ताप उतरला आहे. गावाला आणखी काय हवं होतं? विज्ञान शिकवणाऱ्या बाईसुद्धा शेवटी घाबरल्या, झाड दिलं, नात वाचली. ही गोष्ट तेव्हापासून सुरू झाली.

बाई नातीला घेऊन परत आल्या आणि बुंध्याजवळ थांबल्या. पोर त्यांच्या खांद्यावर झोपली होती. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. संध्याकाळी मला खोलीवर बोलावलं आणि तापाचा कागद पुढे ठेवला. ताप बुधवारी पहाटेच उतरू लागला होता. मी जालन्याहून निघालो त्याच दिवशी. एक-दोन आकड्यांवरून तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या. झाडाला कुऱ्हाड लागण्याच्या पुरता एक दिवस आधी.

मी सगळं सांगितलं. गजगा, दगड, खोटा निरोप. त्यांनी तापाच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "माझ्या पोरीच्या काळजीनं बोललात, म्हणून माझ्याकडून माफ. पण गावाला तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर ती माझी तक्रार होईल. तुम्ही सांगितलं तर ते शिकतील."

मी मान डोलावली. सांगितलं मात्र नाही. आज सांगू, उद्या सांगू करत पाच वर्षं गेली.

त्या पाच वर्षांत बाईंनी काय केलं, ते ऐका. उरलेली दोन पिल्लं त्यांनी शाळेच्या माळ्यावर वाढवली. कोठारात उंदरांनी धुमाकूळ घातल्यावर शेठ स्वतःच चहाचं मोठं खोकं घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, चौकीदाराला एवढी खोली पुरेल का?" घुबडं त्या खोक्यात नांदली. शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलाकडून बाई नदीकाठी एक झाड लावून घेत आणि ते जगेपर्यंत त्याच्या घरी चकरा मारत. घरोघर पाणी उकळू लागलं. एखादी बाई ओट्यावरून हसत म्हणायची, "काय हो बाई, तुम्ही पण घाबरल्याच न?" बाई माझ्याकडे बघायच्या. मी जमिनीकडे. मग त्या म्हणायच्या, "आज पाणी उकळलं का?" आणि पुढे चालू लागायच्या. सगळ्या गावासमोर स्वतःचं नाव असं उघड्यावर ठेवून ताठ चालणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि नातीच्या पुढच्या शिक्षणासाठी औरंगाबादला गेल्या. पुढे तिकडेच वारल्या. मला कळलं होतं. मी गेलो नाही.

गेल्या हिवाळ्यात शाळेने जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं. बाईंची नात आली होती, केस माझ्याइतकेच पांढरे. माइकवर ती म्हणाली, "आजीने आयुष्यात एकदाच स्वतःच्या मनाविरुद्ध केलं, माझ्यासाठी. ते ओझं मी अजून वाहते."

कार्यक्रम संपल्यावर मी तिला बाजूला बसवून सगळं सांगितलं. शेवटी तिने इतकंच विचारलं, "म्हणजे ती न्हाई म्हणाली होती? मी त्या खाटेवर असताना?"

"हो. पिल्लं आहेत म्हणाल्या."

ती हसली, आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "झाड नेमकं कुठं होतं, दाखवता?"

अंगणात आता सगळीकडे फरशी आहे. मी काठीने जागा दाखवली. ती चपला काढून तिथे उभी राहिली, उन्हात, बराच वेळ.