बाबांच्या कुरणातली विमानं

आमच्या बाबांना, म्हणजे एमॉस थर्केटलना, सगळं गाव कुरणवेडा म्हणायचं. इंग्लंडातल्या आमच्या नॉरफोकात कुरणांना तोटा नाही, पण बाबांचं आठ एकरांचं कुरण म्हणजे त्यांच्या लेखी दिवाणखान्यातला गालिचा. मे महिना लागला की गवत कापेपर्यंत त्यात कुणी पाऊल टाकायचं नाही. उंदरानं मूठभर माती उकरली तरी त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागायचं नाही.

मी तेराव्या वर्षी शाळा सोडली, त्यामुळे तारखा मला विचारू नका. गवतकापणी मात्र एकही विसरलेली नाही, म्हणून तिच्यावरूनच सांगते.

चाळीस सालच्या वसंतात, जर्मनांशी लढाई चालू असताना, सरकारनं ते कुरण ताब्यात घेतलं आणि त्यावर दहा विमानं उभी केली. लाकडाचा सांगाडा, वरून रंगवलेलं कॅनव्हास. जवळून बघितलं तर कोंबड्यांचं खुराडंसुद्धा जास्त भक्कम वाटावं. खरा विमानतळ तिथून तीन मैलांवर. जर्मनांनी वरून बघावं, फसावं आणि बॉम्ब आमच्याकडे टाकून परत जावं, एवढंच त्या विमानांचं काम. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि त्या खऱ्या विमानतळाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. म्हणूनच असेल, कुरण गेलं तरी बाबांनी तोंडातून ब्र काढला नाही.

जूनमध्ये गवत गुडघ्याला लागलं. खऱ्या विमानतळावर कापतात तसं इथंही कापून घ्या, असा निरोप आला. बाबांनी ब्लॉसम घोडीला यंत्राला जुंपलं आणि दोन दिवसांत कुरण असं केलं की बघत राहावं.

तिसऱ्या दिवशी सार्जंट प्लमर दारात. नकली विमानं त्याच्या ताब्यात होती. मी रजेवर घरी होते.

"थर्केटल, आमचा एक वैमानिक काल वरून बघून गेला. काय म्हणाला माहितेय? दहाच्या दहा विमानांना दाढ्या फुटल्यात."

"दाढ्या कसल्या?"

"प्रत्येकाच्या पोटाखाली गवताचा झुबका ठेवलाय तुम्ही."

"ठेवणारच. तितरांची घरटी आहेत तिथं. पंखांच्या सावलीत बसतात बिचारी."

"दहाही विमानांखाली?"

"दोनांखाली बघितली. बाकीच्यांखाली वाकून बघायला माझी कंबर आता तेवढी वाकत नाही."

आमच्याकडे कापणाऱ्याला घरटं दिसलं की तेवढा तुकडा सोडायचा, ही रीतच. आजोबांनी सोडला, बाबांनी सोडला. त्यात काही चुकतंय असं त्यांच्या मनातही आलं नसेल.

प्लमर आत येऊन बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आवाज खाली आणून म्हणाला, "रोज उडणाऱ्या विमानाखाली गुडघाभर गवत वाढतं का, थर्केटल? जर्मनांना डोळे आहेत. इथं फसले नाहीत तर ते पुढं जाणार. तीन मैल."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी भांडी पुसत होते. आई म्हणाली, "एमॉस, तुझा चहा निवतोय." चहा तसाच राहिला.

त्याच दुपारी बाबांनी लांब दांड्याच्या विळ्यानं सगळे झुबके साफ केले. अंडी टोपीत घालून घरी आणली आणि आमच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. ती कोंबडी महाखाष्ट, आईलाही टोचायची, पण अंड्यांबद्दल तिची तक्रार नव्हती.

आणि दुसऱ्या दिवसापासून, ज्या माणसानं मला लहानपणी फुलं तोडायला गेले म्हणून कान धरून बाहेर काढलं होतं, तोच रोज सकाळी ब्लॉसमला गाडीला जुंपून त्या कुरणात घालायचा. विमानं इकडची तिकडे ओढायची. गाडीत दगड भरून चाकांच्या चाकोऱ्या पाडायच्या. जरा दव असलं की त्यांना जास्तच हुरूप.

"बाबा, किती नासलं हो कुरण," मी एकदा म्हटलं.

"अजून पुरेसं नाही नासलं," ते म्हणाले.

ऑगस्टमध्ये, भर दुपारी, जर्मन आले. आम्ही मुली स्वयंपाकघरातल्या टेबलांखाली पालथ्या पडलो. मी एकेक धमाका मोजत होते आणि प्रत्येक धमाका आमच्या घराच्या बाजूनं येत होता. सगळं शांत झाल्यावर कुणाला न विचारता सायकल काढली.

बाबा कुरणाच्या फाटकावर बसले होते. डोक्यापासून पायापर्यंत माती. बॉम्बपासून लपायला खणलेल्या खंदकातून नुकतेच वर आलेले. समोर तीन विमानं जळत होती आणि गालिच्याला जिकडेतिकडे भोकं पडली होती.

"तुमच्याकडे किती पडले?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. उतरायला गेले आणि पुन्हा बसले. मीही शेजारी बसले.

लढाई संपल्यावर सरकारी माणसं खड्डे बुजवायला आली. उंदरानं उकरलेली माती न खपणाऱ्या माझ्या बाबांनी सगळ्यात मोठा खड्डा बुजवू दिला नाही. त्यांना कारण विचारलं, तर म्हणाले, "बदकांना लागेल." आमच्याकडे बदकं नव्हती. पुढं आणावी लागली.

आता ते तळं आहे. बाबा होते तोवर दर जूनला त्याच्या काठचं गवत स्वतः विळ्यानं कापायचे, आणि एक झुबका तितरांसाठी सोडायचे. आता माझा नातू यंत्रानं कापतो. मी फाटकाशी खुर्ची टाकून बसते आणि त्यानं झुबका सोडला की नाही ते बघते.