गोविंदआजोबा आणि वीस मिनिटं

गेल्या सप्टेंबरात न्यूझीलंडमधल्या आमच्या लोअर हटमध्ये एक बातमी फिरत होती: विनयामावशीच्या बाबांना एका चिनी म्हातारीने भर हॉलमध्ये आडवं केलं. बातमी सोडली वनिताकाकूंनी. "अगं, काचेतून बघितलं मी, या डोळ्यांनी! ते खाली, ती वर उभी, आणि चेहऱ्यावर... ढिम्म!" 'ढिम्म'च्या आधी वनिताकाकू एक श्वास थांबतात, त्यामुळे पुढचं सगळं खरंच वाटतं. टौरंगाला माझ्या आत्याकडे पोचेपर्यंत म्हाताऱ्या दोन झाल्या होत्या आणि ॲम्ब्युलन्सही आली होती.

मी तिथे तीन पावलांवर होते. कोणी कोणाला मारलं नाही. गोविंदआजोबा, म्हणजे मावशीचे बाबा, त्या म्हातारीच्या, मिसेस फंगच्या, पाया पडायला गेले, एवढंच.

आजोबा मिरजेचे. एसटी डेपोत टायर सेक्शनला एकतीस वर्षं काढली. रात्रपाळी सुटली की घरी न जाता थेट मॉर्निंग शोला, चिनी फायटिंगच्या पिक्चरला. चिनी कळायचं नाही, इंग्लिश डबिंग तर त्याहून नाही, मग डायलॉग स्वतःच बसवायचे. अजूनही तेच. विनयामावशीच्या टीव्हीवर खाली सबटायटल्स येतात, पण आजोबांचा त्यांच्यावर विश्वास नाही. हीरो नुसता भुवई उचलतो, की आजोबा सोफ्यामागून गरजतात, "माझ्या गुरूला हात लावलास भावड्या? थांब, तुझी चारी चाकं काढतो!" आणि खाली लिहिलेलं असतं, मला हे मान्य नाही.

सोफ्यामागून, कारण आजोबा सोफ्यावर बसत नाहीत. कशावरच बसत नाहीत. नाश्ता ओट्याशी उभ्यानं, फोन बाहेरच्या लाकडी डेकवर येरझाऱ्या घालत. विनयामावशी फार्मसिस्ट आहे. ती आणि काका साडेसातला घर सोडतात, आणि मग शेजारी आमच्या किचनमधून आम्हाला आजोबा दिसायला लागतात. कधी इकडे, कधी तिकडे. कुंपणाचे खिळे ठोकून झाले, नळांचे वॉशर बदलून झाले. कचऱ्याच्या दिवशी अख्ख्या रस्त्याचे बिन एका रेषेत लावून झाले. मग स्टेशनवर जाऊन वेलिंग्टनची गाडी वेळेवर आहे का ते मनगटावर तपासतात आणि परत येऊन मला विचारतात, "कौमे, हितली मानसं कुठं लपल्यात गं?"

लायब्ररीतली चिठ्ठी मीच दाखवली. साठीच्या पुढच्यांसाठी कुंग फू, दर शनिवारी सकाळी, कम्युनिटी हॉल. आजोबांनी ती दोनदा वाचायला लावली. शनिवारपर्यंत त्यांनी बहुतेक झोप घेतलीच नाही. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, मिशीला तेल. "गुरू दाढीवाला असतोय," वाटेत मला सांगत होते, "आन् पयल्यांदा न्हाईच म्हनतोय. आपन हटायचं न्हाई."

गुरू निघाल्या मिसेस फंग. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पफर जॅकेटमध्ये. त्यांच्या आजोबांनी हट व्हॅलीत भाजीचे मळे केले, त्या इथेच जन्मल्या, इथेच म्हाताऱ्या झाल्या. "किया ओरा, लव्ह," त्यांनी इथला माओरी नमस्कार केला, "शूज तिकडे."

"ही चिनी हाय न्हवं?" आजोबा माझ्या कानात.

"आहे."

"मग चिनी का बोलंना?"

मी विचारलं. मिसेस फंग म्हणाल्या, चिनी मला दहा वाक्यं येतात, त्यातली आठ कोबीबद्दल आहेत.

दुसरा कोणी हिरमुसला असता. आजोबा म्हणाले, "बघ, न्हाई म्हनायला लागली," आणि लागले कामाला. आता त्यांची बाजूही समजून घ्या. पिक्चरमध्ये चेला लोटांगण घालतो तेव्हाच गुरू पदरात घेतो. मिरजेच्या तालमीतही वस्तादाच्या पाया पडल्याशिवाय लाल माती अंगाला लागत नाही. दोन्हीकडून शिक्कामोर्तब! तेव्हा आजोबा वाकले, पण पिक्चरच्या स्पीडने, आणि दोन्ही हात थेट मिसेस फंगच्या घोट्यांकडे. मिसेस फंगला पन्नास वर्षांची सवय एकच: घोट्याकडे हात आला की घोटा तिथे ठेवायचा नाही. पाय गेला. आजोबांच्या हाती हवा आली, आणि ते गुळगुळीत लाकडी जमिनीवर धप्पकन माकडहाडावर बसले.

"यू राइट, मेट?" मिसेस फंग म्हणाल्या.

आजोबा खालून माझ्याकडे बघत होते, चेहरा दिवाळीच्या पहाटेसारखा. "कौमे, पाय बघितलास? दिसलाच न्हाई! कवा उचलला त्येच दिसलं न्हाई!"

संध्याकाळपर्यंत विनयामावशीला वनिताकाकूंकडून कळलं. मावशी औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखी बोलते, महत्त्वाचं दोनदा. "क्लास बंद. बाबा, बंद. मी रोज बघते काउंटरवर. पडले, हिप मोडलं, मग उठतच नाहीत. उठतच नाहीत."

"मग माझं तिकीट काढ."

"तिकीट मार्चचं आहे."

"आत्ताचं काढ. हितं बसून काय भित्तीचे पोपडे मोजू? तुज्या भित्तीला तर पोपडे बी न्हाईत!"

आम्हाला वाटलं, रागाचं बोलणं. पण रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी बॅग खाली काढली आणि मिरजेला शेजाऱ्यांना घर झाडून ठेवायला सांगितलं. आजी गेल्यावर मावशीने तीन वर्षं विनवण्या करून त्यांना इथे आणलं होतं.  माझ्या आईला फक्त म्हणाली, "ते गेले की परत नाही येणार, गं. परत नाही."

मंगळवारी मिसेस फंग आल्या, स्वतःच्या परसातली पालेभाजी मोठ्या पिशवीत घेऊन. मावशीने चहा केला आणि आजोबांना समजावं म्हणून मला बोलावलं. मिसेस फंग आजोबांकडे बघत बसल्या. आजोबा दाराची बिजागरी तपासत होते.

"हा म्हातारा आहे म्हणून पडला नाही," मिसेस फंग म्हणाल्या. "घाई आहे म्हणून पडला."

मग त्यांनी आपला नियम सांगितला. त्यांच्याकडे पहिलं लाथ-ठोसा काही नसतं. पहिलं उभं राहणं असतं: गुडघे किंचित वाकवलेले, हात समोर गोल, जणू झाडाला मिठी मारलीय. हलायचं नाही. वीस मिनिटं. "हे जमलं तर हा पडत नाही, ते मी सांगते. नाही जमलं तर मीच त्याला घेत नाही."

मावशीने विचार केला. तीन आठवडे दिले. घड्याळ स्वतः धरणार. हलले तर क्लास नाही.

"आन् क्लास न्हाई तर मी न्हाई," आजोबा बिजागरीपाशी म्हणाले.

मी भाषांतर केलं. मिसेस फंग म्हणाल्या, "स्वीट ॲज," म्हणजे झकास, आणि बिस्किट घेतलं.

पहिल्या दिवशी आजोबा उभे राहिले एक मिनिट चाळीस सेकंद. मग नाक खाजलं. मग बिन आडवा दिसला. मग शेजारचं मांजर, मग पोस्टमनची गाडी, मग "ते बघ, पुढच्या चाकात हवा कमी हाय." आठवड्याने तीन मिनिटं. मी रोज शाळेतून आल्यावर मोजायची. गुडघे नाही, डोकं पळायचं त्यांचं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी साडेचार मिनिटांवर त्यांनी कुंपणाला लाथ घातली. लाथ झकास होती, फळीच तुटली.

"आजोबा, तुमच्याच्याने नाही होणार," मी म्हणाले. "तुम्ही झोपेतसुद्धा येरझाऱ्या घालता."

"लाव पैज."

लावली. हरले तर त्यांनी मिशी काढायची. जिंकले तर मी त्यांच्याबरोबर सहा पिक्चर बघायचे, एकही शब्द न बोलता. सहाही. मला वाटलं, मिशी गेलीच. मी तर बिनमिशीचे आजोबा कसे बोलतील त्याची नक्कलही बसवायला घेतली होती.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला मोजायला बोलावणं बंद केलं. खोलीचं दार लावून असायचे. मला वाटलं, बॅग भरतायत. मावशीलाही तेच वाटलं असणार, कारण ती दाराबाहेर उभी राहायची आणि मग उगाच टॉवेल घडी करत परत यायची.

रविवारी सकाळी डेकवर सगळे जमलो. वारा सुटला होता, वेलिंग्टनकडचा, कपडे दोरीवर आडवे. आजोबांनी पाय रोवले, हात गोल केले, डोळे मिटले. मावशीने फोनवरचं घड्याळ दाबलं. मिसेस फंग पायरीवर बसल्या.

दोन मिनिटं. पाच. वाऱ्याने आजोबांची टोपी उडवली, ती डेकवरून खाली गेली. आजोबा हलले नाहीत. आठव्या मिनिटाला त्यांचाच फोन वाजला, मिरजेहून. वाजून वाजून बंद झाला. मांजर आलं, त्यांच्या पायजम्याला अंग घासून गेलं. बारा. मी इकडून तिकडे फिरायला लागले होते, मावशीने हाताने खाली बसवलं.  पंधराव्या मिनिटाला आजोबांच्या मांड्या थरथरायला लागल्या. मी मिसेस फंगकडे बघितलं. त्या म्हणाल्या, थरथर चालते. आजोबांचा चेहरा मात्र एकदा रागावत होता, एकदा हसत होता, आणि मिशी आतल्या आत बोलत होती.

वीस मिनिटं झाली तेव्हा मावशीने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "बाबा, झालं. बाबा, झालं."

आजोबा तसेच.

"बाबा?"

"गप बस की," आजोबा डोळे मिटूनच पुटपुटले. "अजून लास्ट फायटिंग ऱ्हायलंय."

मला तेव्हा कळलं. पठ्ठ्याने डोक्यात अख्खा पिक्चर लावला होता, डायलॉगसकट. आत सगळे उड्या मारत होते, म्हणून बाहेर उभं राहता येत होतं. मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा मिसेस फंग पायरीवरून उठल्या. मग म्हणाल्या, हे मी शिकवलेलं नाही, पण शनिवारी वेळेवर ये.

चोविसाव्या मिनिटाला खलनायक मेला. आजोबांनी हात खाली सोडले, मावशीने त्यांना धरलं आणि सोडेचना. आजोबा तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होते. मिशी जागेवर होती.

"कौमे," ते म्हणाले, "पयला पिक्चर आज दुपारी. आडीच तासाचा हाय."